सिंक झालं, पण पाणी गेलं

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "नाना, हापसे दुरुस्त करताना घडलेल्या गमतीजमती लिहून द्या. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हणून बसलो. कागद पुढे ओढल्यावर लक्षात आलं की गमती दोन-तीनच आठवतायत आणि राग भरपूर आठवतोय. तेव्हा रागच लिहितो. ज्यांना चकलीबरोबर राग चालत नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

‘सिंक झालं’ हे दोन शब्द ऐकले की आजही माझं डोकं फिरतं. मुलगी तिच्या फोनकडे बघून सहज म्हणते, "बाबा, फोटो सिंक झाले," आणि मी तिच्याकडे असा बघतो की ती बिचारी गप्पच होते. तिचा काही दोष नाही. त्या दोन शब्दांनी एका पाड्याचं पाणी पळवलेलं मी पाहिलंय, म्हणून.

आधी आमचा धंदा सांगतो. हापसा म्हणजे तुम्हाला वरून दिसतो तो नुसता दांडा नव्हे. दांड्याला साखळी, साखळीला लोखंडी रॉड, रॉडला रॉड जोडत जोडत ते खाली बोअरमध्ये उतरतात. तळाशी पितळेचा सिलिंडर, त्यात वॉशर. या सगळ्याभोवती पाईप. दांडा दाबला की खालून रॉड उचलला जातो आणि त्याच्याबरोबर पाणी. बिघाड बहुतेक वेळा तळाशी असतो, म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या वॉशरसाठी सगळे पाईप वर काढावे लागतात. तीन पायांचं तिकाटणं उभं करायचं, कप्पी लावायची, आणि एकेक पाईप ओढून, चिमट्यात घट्ट धरून खोलायचा. चिमटा सुटला तर पाईप बोअरमध्ये जातो आणि बोअरही जाते. आमच्या पथकाच्या हातून असा एकही पाईप गेला नाही, एवढी फुशारकी म्हाताऱ्याला मारू द्या.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नवापूरकडच्या एका पोल्ट्रीवाल्याचा निरोप आला की हापसा बंद आहे, तातडीने या. आम्ही तिकाटणं, पाने, चिमटे सगळं टेम्पोत भरून गेलो. हापशाच्या दांड्याला जाडजूड साखळी आणि तिला कुलूप. बाहेरची माणसं पाण्याला येतात आणि कोंबड्यांना रोग लावतात, म्हणून त्यानेच गावाच्या हापशाला कुलूप ठोकलं होतं. आणि किल्ली हरवली होती. आम्ही कुलूप तोडलं, साखळी जप्त केली आणि त्याला म्हटलं, हापसा आता चालू झाला, दुरुस्ती कशी वाटली? तोही हसला. संपादकसाहेब, ही झाली गंमत.

आता नोंदींबद्दल. मी जिल्ह्यातल्या एका संस्थेत होतो. हापशांची दुरुस्ती तिच्याकडे होती. आमच्या हापशांची नोंद आधी रजिस्टरात असे. रजिस्टर नंदुरबारच्या ऑफिसात आणि आम्ही सातपुड्यात. डोंगरात जाऊन पाईप उपसल्यावर कळायचं की मागच्या खेपेला इथे वेगळ्या मापाचा सिलिंडर घातला होता. मग परत खाली या. पुढे आमच्याकडे फोन आले आणि माझ्या मुलीने एक साधी युक्ती दाखवली. प्रत्येक हापशाची एक नोंद, साध्या अक्षरांत. रंग नाही, चौकटी नाहीत, नुसता मजकूर. स्वस्तातल्या स्वस्त फोनवर उघडतो, कॉम्प्युटरवरही तसाच उघडतो, आणि नेटवर्क नसलं तरी उघडतो, कारण तो फोनमध्येच असतो. नोंदीत दुसऱ्या कशाचं नाव आलं की ते दुहेरी चौकोनी कंसात टाकायचं. त्यावर बोट ठेवलं की त्याची नोंद उघडते. हापशावरून पाड्यावर, पाड्यावरून पाणीराखणीवर, पाणीराखणीवरून पुढच्या हापशावर. पाणीराखीण म्हणजे पाड्यातली अशी बाई, जिच्याकडे हापशाची देखरेख असते. फोनमधल्या नोंदी आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी नेटवर्क मिळालं की आपोआप एकमेकींशी जुळवल्या जात. यालाच ते सिंक म्हणतात.

खोटं कशाला बोलू, मला ही युक्ती फार आवडली होती. कोरीटसारख्या शेतकरी गावात वाढलेल्या माणसाला कुठली विहीर कुठल्या झऱ्यावर आहे, कुणी मोटर लावली की कुणाचं पाणी उतरतं, हे सगळं डोक्यात ठेवायची सवय असते. इथे ते डोक्याबाहेर ठेवता येत होतं. तापीकाठच्या एका गावात हापसा दर उन्हाळ्यात आटायचा. शेजारचे केळीवाले काका पुढे येऊन सांगायचे, "नाना, हाऊ हापसा जुना व्हई गया. काढी टाका आते." मी त्या हापशाच्या नोंदीवरून जुन्या दुरुस्त्या बघितल्या. पहिल्यांदा आटला तो काकांच्या नव्या बोअरच्या सालीच, आणि काकांच्या बोअरचं नाव त्या नोंदीत मीच कधीतरी कंसात टाकून ठेवलं होतं. मी त्यांच्यासमोरच त्या नावावर बोट ठेवलं. काकांनी फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा लेशात का?" त्यानंतर ते बायकांची पाणी भरायची वेळ टाळून मोटर लावू लागले. एका बोटाने एवढं काम केलं.

एक नियम मात्र मी स्वतः घालून दिला होता. दुरुस्ती करणाऱ्याने ‘झालं’ असं लिहायचं नाही. आम्ही हापसा बसवून निघून येणार; पाणी कसं लागतंय ते पिणाऱ्यालाच कळणार. तेव्हा ‘हापसा चालू’ हे शब्द पाणीराखणीनेच लिहायचे. या नियमाचा मला अजूनही अभिमान आहे.

मोलगी गावाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. त्याला आपण वरचा पाडा म्हणू. तिथली पाणीराखीण सेगीबाई. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, चार शब्द मोजून बोलणारी. पाड्यात फोन मिळालेली ती पहिली बाई, आणि ते तिच्या मोठ्या दिराला, रूपसिंगला, पहिल्या दिवसापासून खुपत होतं. पाड्यात रेंज नाही. टेकडीवर एक महू, म्हणजे मोहाचं झाड, आहे, त्याच्या एका फांदीवर रेंज येते. बायका पिशवीत फोन घालून त्या फांदीला टांगतात आणि शेतात निंदायला जातात. परत येईपर्यंत फोनमध्ये जे काही येण्या-जाण्यासारखं असेल ते येऊन-जाऊन बसतं. ज्यांच्या पाड्याजवळ असं झाड नाही त्या आपले फोन दिलवरच्या जीपमध्ये पाठवतात. दिलवर म्हणजे मोलगीच्या बाजाराला माणसं, कोंबड्या, पोती सगळं एकत्र वाहणारा जीपवाला. त्याच्या आरशाला फोनांची थैली लटकलेली असे. खालच्या एका वळणावर रेंज यायची आणि सगळी थैली एकदम वाजायला लागायची. दिलवर म्हणायचा, "दखा नाना, मन्या बठ्ठ्या कोंबड्या जाग्या व्हई गयात."

आणखी एक पद्धत. वर वीज कधी असते, कधी नसते. त्यामुळे फोन वापरून झाला की बायका त्याची मागची पाठ उघडून बॅटरी काढून ठेवतात. कापडात गुंडाळून, कमरेला. चार्जिंग उगाच वाया जाऊ नये म्हणून. संस्थेने दिलेले फोन स्वस्तातले, पाठ उघडणारे, त्यामुळे हे जमायचं. मला त्यात काटकसरीपलीकडे काहीच दिसलं नाही. आपणही खोलीबाहेर पडताना दिवा बंद करतोच.

आता घात कुठे झाला ते सांगतो. हे कळायला मला बराच वेळ लागला, तुम्हाला लागू नये म्हणून सावकाश सांगतो. बॅटरी काढली की त्या स्वस्त फोनचं घड्याळ मरतं. परत बॅटरी घातली की फोनला वाटतं आपण कुठल्यातरी जुन्या सालातल्या एक जानेवारीला जागे झालो. रेंज मिळाली की तो तारीख सुधारतो. पण रेंज मिळण्याआधी हापशापाशी उभं राहून जी नोंद केली, तिच्यावर त्या जुन्या सालाचाच शिक्का बसलेला असतो. आणि जुळवणी करणारं यंत्र एकच प्रश्न विचारतं: फोनमधली नोंद नवी की कॉम्प्युटरमधली? जी नवी ती ठेवायची, जी जुनी ती बाजूला सारायची. कुठलं खरं, हे ते विचारत नाही. त्याला विचारायला कुणी शिकवलेलंच नाही.

एरवी यातून निभावलं असतं. ऑफिसातल्या नोंदींना कुणी हात लावत नसे, त्यामुळे दोन्हीकडे एकदम बदल झाला असं होतच नसे, आणि फोनमधला बदल मुकाट्याने घेतला जाई. पण आमच्याकडे नवीन साहेब आले. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, चहा स्वतःच्या हाताने द्यायचा. पण नीटनेटकेपणाचं फार वेड. त्यांना आमच्या नोंदी ओबडधोबड वाटल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बसून एका झटक्यात सगळ्या नोंदींच्या डोक्यावर संस्थेच्या नावाची एक ओळ चढवली. झालं. जिल्ह्यातल्या प्रत्येक हापशाची ऑफिसातली नोंद त्या दिवसापासून ‘नवी’ ठरली. आत मजकूर मागच्या पावसाळ्याचा, पण शिक्का आजचा.

वरच्या पाड्याची ऑफिसातली नोंद काय होती? ‘पाणी लाल येतं. पिऊ नये. हापसा बाद करावा.’ ती मागच्या पावसाळ्यात पथकाने लिहिली होती, खाली प्रत्येक नोंदीसारखं पाणीराखणीचं नाव, आणि तेव्हा ती खरी होती. पाईप गंजून चाळणी झाले होते. त्यानंतर आमच्या पथकाने जाऊन सगळे पाईप बदलले, नवे कोरे घातले. सेगीबाईने ठरल्याप्रमाणे काही दिवस पाणी पाहिलं, चाखलं, शेजारणींना चाखवलं, आणि हापशापाशी उभं राहून लिहिलं, ‘पाणी साफ आहे. हापसा चालू.’ मग टेकडी चढून फोन महूला टांगला. फोनमधून ती नोंद निघाली, ऑफिसच्या कॉम्प्युटरपाशी पोचली, आणि कॉम्प्युटर म्हणाला, ही तर कितीतरी जुनी, माझ्याकडची ताजी आहे. त्याने आपली ‘बाद करावा’ तिच्या फोनमध्ये पाठवली. तिच्या स्वतःच्या फोनमधून तिचेच शब्द पुसले गेले.

यंत्राची एक गोष्ट मात्र मान्य करतो. ते बाजूला सारलेली नोंद फेकून देत नाही. लांबलचक, विचित्र नावाची एक वेगळी प्रत करून तिथेच ठेवतं, म्हणजे माणसाने येऊन दोन्ही वाचाव्यात आणि ठरवावं. अशा प्रती ऑफिसात ढिगाने पडू लागल्या. साहेबांना तो कचरा वाटला. दर आठवड्याला ते सगळ्या एकदम निवडून काढून टाकत. "नाना, किती डुप्लिकेट करता हो तुम्ही लोक," असं ते मला हसत म्हणालेही होते. मला तेव्हा काय माहीत ते कशाला डुप्लिकेट म्हणतायत!

त्या उन्हाळ्यात मी तापीकाठाला कामात होतो. एक दिवस सामान घ्यायला मोलगीच्या बाजारात गेलो, तर दिलवर समोर आला. नेहमीसारखा हसला नाही.

"नाना, वरना पाडाना हापसा काढी लई गयात. तुमले माहीत नही का?"

"कोन लई गयं?"

"तुमनाच लोके. टेम्पो बी तुमनाच व्हता."

"काब्र? पानी खराब व्हतं का?"

"पानी चांगलं व्हतं, नाना. मी बी तठलंच पानी पेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच त्याच्या जीपमध्ये बसलो. जीप थांबते तिथून पुढे चालत जायचं. पाड्यात पोचलो तर हापशाच्या जागी सिमेंटचा ओटा आणि मधोमध लोखंडी झाकण, वर बोल्ट आवळलेले. बायका खाली नाल्यात गेल्या होत्या. नाल्यात पाणी नव्हतंच. वाळूत खड्डा उकरून, वाटीवाटीने हंडा भरायचा आणि चढण चढून आणायचा. एकीचा हंडा भरला की खड्ड्यात पुन्हा पाणी झिरपेपर्यंत दुसरीने बसून राहायचं. त्या रांगेत सेगीबाई सगळ्यात शेवटी, एकटी, अंतर ठेवून बसलेली. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

मला बघून ती उठली. "नाना, मी लिहिलं होतं. पाणी साफ लिहिलं होतं." तिने फोन पुढे केला. "आता यात वेगळंच दिसतं. हे मी नाही लिहिलं."

मागून रूपसिंग आला. तो मला उद्देशून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "फोन हिच्याकडे, लिहिणारी ही. ऑफिसची माणसं आली, त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. सेगीने लिहिलं हापसा बाद. हिने लिहून हापसा घालवला."

तिच्या हातातल्या फोनमध्ये तिच्याच नावाखाली ‘बाद करावा’ लिहिलेलं होतं. ती कशाच्या जोरावर उलट बोलणार? पाणी गेलं ते गेलंच, वर पाड्यात तिचा शब्द गेला. आपल्याकडे बाईला असा विश्वास मिळायला किती वर्षं लागतात आणि घालवायला किती, हे मी वेगळं सांगायला नको. मी तिचा फोन घेतला, बॅटरी काढून पुन्हा घातली, आणि फोन सुरू होताना तारीख बघितली. मग सगळा उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. साहेबांनी चहा पुढे केला. मी घेतला नाही. मी म्हटलं, "वरच्या पाड्याचा चालू हापसा काढलात."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "नाना, नोंद बघा. बाद करावा. पाणीराखणीचं नाव खाली आहे. सिंक झालंय सगळं. सिस्टिममध्ये आहे तेच लेटेस्ट."

"साहेब, बाद हापशातून नवे कोरे पाईप निघाले. बाद हापशात नवे पाईप कसे, हा प्रश्न कुणालाच पडला नाही?"

"दुसऱ्या पथकाला ऑर्डर होती. आणि पाईपची तर गरजच होती दुसऱ्या गावाला."

मी त्यांना पाईपांची नोंद उघडायला लावली. त्यात मीच लिहिलं होतं की हे पाईप वरच्या पाड्याला दिले, आणि पाड्याचं नाव कंसात होतं. एवढं बोट कुणी ठेवलं असतं, तरी पुरे होतं. कुणी ठेवलं नाही. मग मी त्यांना बॅटरीचं, घड्याळाचं, वर चढवलेल्या ओळीचं आणि पुसलेल्या प्रतींचं सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण मग त्यांनी बॅटरी काढायला नको होती ना. फोन चालू ठेवायला काय जातं?"

हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. ज्याच्या टेबलाखाली चार्जर कायम लावलेला असतो त्याला खरंच काही जात नाही. माझा आवाज चढला, शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली, आणि मी काय काय बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. एवढं सांगतो की डोंगरातल्या माणसाची गोष्ट खाली यायला वेळ लागतो, तेवढ्यात खालचं कुणीतरी कागदावर नवी तारीख टाकून बसतं, आणि मग वरच्याला सांगितलं जातं की तुझं जुनं झालं. हे यंत्राने आमच्या ऑफिसात आणलं नाही. आधीपासूनच होतं. यंत्राने ते फक्त झटपट केलं.

पाईप परत आणावेत म्हटलं, तर ते दुसऱ्या गावात उतरवून झाले होते. तिथल्या बायका त्या पाण्यावर हंडे भरत होत्या. एका गावाचं काढून दुसऱ्याला देण्याचं पाप पुन्हा उलट्या दिशेने करायला माझा हात धजला नाही. नव्या पाईपांना मंजुरी लागणार, आणि मंजुरी आली तेव्हा उन्हाळा जवळजवळ सरला होता. तोवर वरच्या पाड्याने वाळू उकरली. ते दिवस त्या बायकांना कुणी परत दिले नाहीत, आणि कुणी देऊही शकत नाही.

हापसा पुन्हा बसवायला माझंच पथक गेलं. पहिल्या दिवशी आम्ही झाकण खोललं, पाईप उतरवले, दांडा चढवला, साखळीला ग्रीस लावलं. हापशाचं पाणी वर येतंय एवढं बघितलं आणि थांबलो, कारण साहेबांचा निरोप होता की उद्या ते स्वतः येणार, नारळ फोडणार, फोटो काढणार. निरोपात आणखी एक होतं. नोंदीत ‘नवीन हापसा बसवला’ असं लिहायचं. वर्षाच्या अहवालात नवीन कामांत एक भर पडणार होती.

मी हे सेगीबाईला सांगितलं, तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. "नवा कुठे आहे? माझाच आहे."

"मग तुला जे खरं वाटतं ते लिही," मी म्हटलं. "लिहायचा हक्क तुझा आहे."

ती ओट्याच्या कडेला बसली. कमरेचं कापड सोडून बॅटरी काढली, फोनमध्ये घातली. या वेळी मी तिला म्हटलं, आधी टेकडीवर जा, फोनला तारीख कळू दे, मग लिही. ती गेली. मीही मागोमाग गेलो. फोनला तारीख कळल्यावर महूखाली बसून तिने लिहिलं, फोन फांदीला टांगला, पण कामाला निघून गेली नाही. झाडाखालीच बसून राहिली. मी माझाही फोन त्या फांदीपाशी धरला. मी नोंद उघडली, तर तिचे शब्द येऊन पोचले होते. आत वारही लिहिला होता, तिच्या पद्धतीने: ‘मोलगीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी.’ मी वाचलं आणि फोन खिशात टाकला. साहेबांना काहीच कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दिलवरच्या जीपने आले, तिथून चालत, घामाघूम होऊन. पाडा सगळा जमला होता. ओट्याला आंब्याच्या पानांची माळ होती. साहेबांनी नारळ फोडला, मग फोटोसाठी दांडा धरायला पुढे झाले. दांड्यावर सेगीबाईचा हात होता. तिने तो काढला नाही.

त्यांच्या बोलीत सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, लहान असो की साहेब. ती म्हणाली, "काल मी लिहिलं. तुझ्या फोनमध्ये आलं का?"

साहेब हसले. "आलं असणारच की. सिंक झालंय सगळं."

"मग वाच."

"आत्ता? इथे रेंज नाही बाई."

"साहेब, रेंज लागत नाही," मी मागून म्हटलं. "साधी अक्षरं आहेत. फोनमध्येच असतात."

सगळा पाडा बघत होता. साहेबांनी फोन काढला, नोंद उघडली आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं नाही. त्यांनी वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने. "हापसा चालू होता. मी चालू लिहिलं होतं. ऑफिसने माझं लिहिलेलं पुसलं आणि हापसा काढून नेला. आता मोलगीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी परत बसवला. सेगी."

मराठी समजणारे थोडेच. दिलवर पुढे झाला आणि त्याने पाड्याच्या बोलीत सांगायला सुरुवात केली. साहेबांनी चार वाक्यं वाचली होती; दिलवर बराच वेळ बोलत होता. मध्ये मध्ये हाताने टेम्पो दाखवत होता, कॉम्प्युटर दाखवत होता, आणि एकदा तर चहाचा कपही दाखवला. त्याला मी नंतरच्या एका खेपेत जीपमध्ये सगळं सांगितलं होतं, त्यातलं त्याने काहीच गाळलं नाही. म्हाताऱ्या बायका साहेबांकडे बघू लागल्या. शेवटी दिलवर त्यांना म्हणाला, "साहेब, त्या इचारी ऱ्हायनात, हाई खरं शे का?"

साहेब म्हणाले, "खरं आहे. तिने बरोबर लिहिलं होतं. चूक आमची." एवढं मात्र ते स्पष्ट बोलले, आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. अहवालात त्यांना तो हापसा नवीन म्हणून दाखवता आला नाही, कारण नोंदीत तसं नव्हतं, आणि त्या नोंदीला हात लावायची त्यांची पुन्हा हिंमत झाली नाही.

सेगीबाईने दांडा सोडला. पण साहेबांना नाही दिला. गर्दीत मागे उभ्या असलेल्या रूपसिंगकडे बघून ती म्हणाली, "भाऊ, तू हापस."

तो पुढे आला. त्याने दांडा धरला, दाबला, पुन्हा दाबला. आत साखळी वाजत होती. थोड्या वेळाने तोटीतून पाणी आलं, आधी थोडं गढूळ, मग साफ. तिने हंडा लावला नाही. ती बाजूला उभी राहिली आणि तिचा दीर पाड्यातल्या एकेका बाईचा हंडा भरत राहिला. कुणीच घाई केली नाही. शेवटच्या बाईचा झाल्यावर तिने स्वतःचा हंडा तोटीखाली ठेवला. तोही त्यानेच भरला.

साहेबांनी आल्या आल्या सगळ्या पाणीराखणींसाठी आणलेली लेखी सूचना मला दिली होती: यापुढे फोनची बॅटरी काढू नये. मी ती सेगीबाईला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली. मग साहेबांच्या समोरच फोनची पाठ उघडली, बॅटरी काढली, कापडात गुंडाळली, कमरेला खोचली आणि हंडा डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागली.